पंप कपाटात, पोर मैदानावर

शाळेतल्या एखाद्या मुलाला दमा आहे असे कळले की आपल्याकडे एक ठरलेली सहानुभूती सुरू होते. पीटीच्या तासाला त्याला बाकावर बसवतात, सहलीच्या आधी पालकांकडून चिठ्ठी घेतात, खोकला वाढला की घरी पाठवून देतात. त्याने आणलेला पंप इतर मुलांच्या हाती लागू नये म्हणून कार्यालयातल्या कपाटात ठेवला जातो. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. काळजी घेतली असे शाळेला वाटते आणि शाळा समजूतदार आहे असे पालकांना वाटते.

माझे म्हणणे असे की ही काळजी वरवरची आहे आणि तिच्या मुळाशी असलेली समजूतच चुकीची आहे. दमा हा डॉक्टर आणि पालक यांच्यातला मामला, शाळेने फक्त सवलत द्यायची, अशी ती समजूत. प्रत्यक्षात दमा ताब्यात ठेवणारी औषधे कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहेत. अडते ते मूल आणि औषध यांच्यातल्या अंतरापाशी. निदान झालेले नसते, पंप हाताशी नसतो, चारचौघांत तो घ्यायची लाज वाटते. हे अंतर दवाखान्यात बसून मिटत नाही, कारण दिवसाचे पाच-सहा तास मूल शाळेत असते. म्हणून दम्याची व्यवस्था हा हजेरी घेण्याइतकाच शाळेच्या रोजच्या कामाचा भाग आहे. खान्देशातल्या अमळनेरचे गाव आणि तालुका समोर ठेवून हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. तपासणीच्या दिवशी छाती स्वच्छ असते

दम्याचा स्वभाव येण्या-जाण्याचा आहे. श्वासनलिकांच्या अस्तराला सूज बहुतेक काळ असते, पण नलिका आवळतात त्या काही कारण घडले की. थंड हवा, धूळ, धूर, परागकण, साधी सर्दी, जोराची धावाधाव, यांपैकी काहीही पुरते. मग श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो, उबळ थांबत नाही, रात्री झोप मोडते. काही तासांनी मूल पुन्हा खेळायला लागते, आणि डॉक्टरांपुढे उभे राहते तेव्हा छाती स्वच्छ असते.

आता सरकारी व्यवस्था पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही महाराष्ट्रात, पालघरला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधल्या ३० आजारांची आणि दोषांची त्याची यादी आहे आणि श्वासनलिका आवळण्याचा आजार त्या यादीत आहे. म्हणजे कागदावर उणीव नाही. पण पथक शासकीय आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. दाताची कीड, त्वचेचा रोग किंवा डोळ्यांचा नंबर एका भेटीत सापडतो. ज्या आजाराची खूण त्या दिवशी नेमकी हजर नसते, तो एका भेटीत कसा सापडणार?

परिणाम आकड्यांत दिसतो. पुण्यासह देशातल्या नऊ केंद्रांवर सव्वा लाखाहून अधिक मुले आणि पालक यांचे सर्वेक्षण झाले. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. छातीत घरघर होत असलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना आपल्याला दमा आहे असे कोणी सांगितलेलेच नव्हते. गंभीर लक्षणे असलेल्यांतही हे प्रमाण ७० टक्के निघाले. जगातल्या दम्याच्या एकूण रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. आजार आपल्याकडे जास्त घातक नाही. तो उशिरा ओळखला जातो आणि अर्धवट सांभाळला जातो.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीचे २२० दिवस भरले पाहिजेत. इतके दिवस मुलाला रोज पाहणारा घराबाहेरचा माणूस एकच, वर्गशिक्षक. परिपाठाच्या रांगेत कोण खोकतो, खो-खोत दोन पाळ्यांनंतर कोण गुडघ्यांवर हात टेकून उभे राहते, दर हिवाळ्यात कोणाच्या हजेरीत भोके पडतात, हे त्यालाच कळू शकते. निदान करणे त्याचे काम नाही. पण येऊन-जाऊन असणाऱ्या आजाराला सलग पाहणारा साक्षीदार लागतो, आणि तो शाळेतच आहे.

२. कामगाराच्या छातीला कायदा आहे

अमळनेर हे कापसाचे आणि गिरणीचे गाव. प्रताप मिलच्या या गावाला कापसाच्या धुळीने छाती आवळते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. सुताच्या खात्यात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला आठवड्याची सुट्टी संपवून कामावर आल्या दिवशी छाती जास्त जड वाटते, ही त्या आजाराची जगभर ओळखलेली खूण आहे. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ मधल्या व्यावसायिक आजारांच्या अनुसूचीत कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार घातलेला होता.

गिरणी कामगाराचा तो आजार आणि मुलाचा दमा एक नाहीत. तत्त्व मात्र एकच आहे. माणूस जिथे रोज तासन् तास बसतो तिथल्या हवेची जबाबदारी ती जागा चालवणाऱ्यावर येते, हे कायद्याने मोठ्यांसाठी मान्य केले. मुलाच्या बाबतीत आपण ते अजून मान्य केलेले नाही. त्याची छाती आवळली की त्याची प्रकृतीच नाजूक, असे म्हणून विषय संपवतो.

खान्देशातले शाळेचे वर्ष छातीच्या बाजूने वाचून पाहावे. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद असलेले वर्ग झाडले जातात. पाऊस लागला की गळक्या भिंतींना ओल आणि बुरशी येते. श्रावण-भाद्रपदात मैदानाच्या कडेला गाजरगवत फुलते, त्याचे परागकण ॲलर्जीला कुप्रसिद्ध आहेत. दसऱ्यानंतर कापूस वेचणी, बाजरी-मक्याची मळणी, जिनिंगची धूळ आणि कापसाच्या गाड्या. पौषाच्या थंडीत सकाळची शाळा आणि शेकोट्या. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून काही बांधावर जाळतात, काही सरपण म्हणून घरी आणतात. चुलीचा तो धूर लहान मुलांच्या वाट्याला जास्त येतो, कारण थंडीत ती आईजवळ चुलीपाशीच बसतात. एप्रिलमध्ये वावटळी.

यातल्या पुष्कळ गोष्टी शाळेच्या हातात नाहीत. काही मात्र पूर्णपणे आहेत. मुले वर्गात असताना कोरडा झाडू मारायचा की ती येण्याआधी ओल्या फडक्याने पुसायचे, गाजरगवत फुलण्याआधी उपटायचे की नंतर, पोषण आहाराचा धूर वर्गात येतो का, डस्टर खिडकीत आपटायचे की बाहेर नेऊन, हे शाळाच ठरवते. यापैकी एकाही गोष्टीला डॉक्टर लागत नाही.

३. सवलतीचा हिशेब

सवलत दिल्याने तीन तोटे होतात. पहिला शरीराचा. दमा ताब्यात असलेल्या मुलाने खेळावे असाच वैद्यकीय सल्ला असतो. आधी हळूहळू अंग गरम करणे आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर खेळाच्या १०-१५ मिनिटे आधी पंप घेणे, एवढी तयारी बहुतेक मुलांना पुरते. पॉला रॅडक्लिफ या ब्रिटिश धावपटूला दमा होता. २००३ मध्ये लंडनची मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत धावून तिने स्त्रियांचा जागतिक विक्रम केला.

दुसरा तोटा माहितीचा. धावताना धाप लागते याचा अर्थ बहुधा दमा ताब्यात नाही, औषध अपुरे आहे किंवा चुकीच्या पद्धतीने घेतले जाते आहे. मैदान ही या आजाराची सर्वांत स्वस्त चाचणी. मुलाला बाकावर बसवले की ती चाचणी रद्द होते आणि आजार वाढतो आहे हे पुढच्या झटक्यापर्यंत कळत नाही.

तिसरा तोटा मनाचा. खेळातून, सहलीतून, स्वच्छतेच्या पाळीतून वगळले गेलेले मूल लवकरच लपवायला शिकते. ते वर्गात पंप काढत नाही, धाप लागली तर पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाते आणि भिंतीला टेकून उभे राहते. सर्वांत धोकादायक क्षणी ते एकटे असते.

४. पंपाची जागा

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ऑक्टोबर २०१२ मध्ये १२ वर्षांचा एक विद्यार्थी शाळेत दम्याच्या झटक्याने दगावला. त्याचा पंप शाळेच्या कार्यालयात ठेवलेला होता. त्याच्या आईने पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. दम्याच्या विद्यार्थ्याला स्वतःचा पंप जवळ बाळगू द्यावा आणि प्रत्येक शाळा मंडळाने दम्याचे धोरण ठेवावे, असे तो सांगतो. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना आणीबाणीसाठी जादा पंप चिठ्ठीशिवाय विकत घेऊन ठेवता येतो. अमेरिकेच्या सर्व राज्यांत आता मुलांना पंप जवळ बाळगण्याची मुभा आहे. या तीन देशांनी कोणतेही नवे औषध शोधले नाही. त्यांनी पंपाची जागा बदलली.

पंप हाती असला तरी तो बरोबर घेता यावा लागतो. आपल्याकडे पुष्कळांना कॅप्सूल फोडून भुकटी ओढायचे यंत्र मिळते. त्यात भुकटी आत जायला जोराने श्वास ओढावा लागतो, आणि झटका आलेल्या लहान मुलाला नेमके तेच जमत नाही. अशा वेळी फवाऱ्याचा पंप आणि त्याला जोडलेला स्पेसर उपयोगी पडतो. स्पेसर म्हणजे एक पोकळ नळकांडे. फवारा त्यात साठतो आणि मूल सावकाश श्वास घेत तो आत घेते.

विकतचा स्पेसर नसेल तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचा करता येतो. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे भोक पाडायचे, तारेला तोच आकार देऊन ती गरम करून लावली की कडा नीट निघते. पंप बसवून फट गोंदाने बंद करायची आणि बाटलीचे तोंड मुलाच्या ओठांत द्यायचे. दक्षिण आफ्रिकेत ५ ते १३ वर्षांच्या मुलांवर याची रीतसर चाचणी झाली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या त्या अभ्यासात अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. सातवीच्या वर्गाला कार्यानुभवाच्या तासाला हे करता येईल.

झटका आला तर करायचे काम चार ओळींचे आहे. मुलाला ताठ बसवा, झोपवू नका, गर्दी हटवा. स्पेसरमधून आराम देणाऱ्या पंपाचे चार फवारे एकेक करून द्या, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास. चार मिनिटे थांबा, फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही फरक नसेल, किंवा वाक्य पुरे बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडत असतील, मूल गळून जात असेल, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत फवारे देत राहा. घरघर अचानक थांबली आणि मूल मलूल झाले, तर ते बरे वाटण्याचे लक्षण समजू नका; हवाच आत जात नसल्याची ती खूण असू शकते. तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून धुळे किंवा जळगाव गाठायला तासाहून अधिक वेळ जातो. तेवढा काळ शाळेनेच निभवायचा असतो.

५. आक्षेप आणि उत्तरे

*‘शाळा म्हणजे दवाखाना नव्हे, औषध दिले आणि काही झाले तर गुरुजी अडकतील.’* हा सर्वांत प्रामाणिक आक्षेप. त्याचे उत्तर आधीच्या तयारीत आहे. डॉक्टरांनी सही केलेला एका पानाचा आराखडा आणि पालकांची लेखी संमती घेतली, तर शिक्षक स्वतःच्या मनाने काही देत नाही. लिहून दिलेले पाळतो. संमती घ्यायला वेळच नसेल अशा प्रसंगी सद्भावनेने, त्या माणसाच्या भल्यासाठी केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० ने संरक्षण आहे. जुन्या दंडसंहितेतही ते कलम ९२ मध्ये होते. शिवाय आराम देणाऱ्या पंपातल्या साल्ब्युटामॉल या औषधाचे काही फवारे जास्त गेले तर सहसा हात थरथरतात, छाती धडधडते आणि थोड्या वेळाने थांबते. न दिल्याने होणारे नुकसान भरून निघत नाही.

*‘पंपाची सवय लागते.’* हे वाक्य खान्देशातल्या घराघरांत आहे आणि त्यापायी मुलांना वर्षानुवर्षे गोळ्या आणि खोकल्याची औषधे दिली जातात. हिशेब उलटा आहे. साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, पंपाच्या एका फवाऱ्यात ०.१ मिलिग्रॅम औषध असते. गोळी साऱ्या अंगभर फिरते, फवारा थेट श्वासनलिकेत जातो. या आक्षेपात एक धागा मात्र खरा आहे. नुसता आराम देणारा पंप वारंवार लागत असेल तर ते सवयीचे नाही, सूज न आवरल्याचे लक्षण आहे. अशा मुलाला सूज कमी करणारे रोजचे औषध हवे. शाळेने हेच टिपून पालकांना कळवायचे.

*‘दरवर्षी कोजागिरीला औषध देतो, मृगाला हैदराबादचा औषधी मासाही गिळून झाला.’* श्रद्धेशी शाळेने भांडण करू नये. पालकांना एवढेच सांगावे की त्यासाठी रोजचे औषध बंद करू नका. वर्षातून एका रात्री घेतलेला उपाय बाकीच्या दिवसांची सूज आवरत नाही.

*‘मुलीला दमा आहे असे शाळेच्या कागदावर आले तर पुढे सोयरिकीला अडचण.’* ही भीती खोटी नाही, म्हणून नोंद फलकावर लावायची नसते. ती वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांपुरती राहावी. पण लपवण्याचा भुर्दंड मुलगीच भरते. वर्गात सर्वांना दम्याची माहिती दिली, दोन-चार मुले उघडपणे पंप घेऊ लागली, की या आजाराचा बागुलबुवा उरत नाही. लोकांनी आजवर फक्त झटका पाहिला आहे. दमा ताब्यात ठेवून खेळणारे मूल त्यांना दिसायला हवे.

*‘शिक्षकांवर आधीच कामांचा बोजा.’* खरे आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामे देऊ नका असे सांगते, तरी शिक्षक माहिती भरून थकलेला असतो. म्हणून इथे नवे पोर्टल नको, नवा अहवाल नको. वर्गागणिक एक पान पुरे. आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमायचे ठरले आहे. जबाबदारीला माणसे आहेत. त्यांच्या प्रशिक्षणात दम्यासाठी एक तास हवा.

६. साने गुरुजींच्या गावाला एक आठवण

साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या झाडणाऱ्या, आजारी मुलाच्या उशाशी बसणाऱ्या त्या शिक्षकाची आठवण हे गाव अजून अभिमानाने सांगते. शिकवणाऱ्याने मुलाच्या शरीराकडेही पाहायचे असते, हे तत्त्व इथे बाहेरून आणावे लागणार नाही.

पण या आठवणीचा एक गैरवापरही होतो. सगळा भार आपण शिक्षकाच्या माणुसकीवर टाकतो. १९३० मध्ये गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात गेले आणि छात्रालयाला दुसरे साने गुरुजी मिळाले नाहीत. आईच्या मायेचा शिक्षक दर वर्गाला मिळत नसतो, आणि मिळाला तरी त्याची बदली होते. माया टिकवायची तर ती कामाच्या यादीत उतरवावी लागते, म्हणजे नवीन आलेल्या, अनोळखी, घाईत असलेल्या शिक्षकाच्या हातूनही तेच घडते. काम असे यादीत उतरवले की काय होते ते फिनलंडमध्ये दिसले. तिथे १९९४ ते २००४ असा दहा वर्षांचा दमा कार्यक्रम राबवला गेला. लवकर ओळख, लवकर उपचार, रुग्णालाच शिकवणे आणि परिचारिका-औषधविक्रेत्यांना जोडून घेणे हा त्याचा गाभा होता. दम्यासाठी रुग्णालयात घालवलेले दिवस निम्म्याहून कमी झाले.

७. मग शाळेने काय करावे

(क) जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी पालकांना तीन प्रश्न विचारावेत : मुलाला वारंवार वाफ द्यावी लागते का, रात्री खोकल्याने झोप मोडते का, धावल्यावर छातीत घरघर होते का? ‘दमा आहे का’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येते. ‘वाफ द्यावी लागते का’ विचारले की खरी माहिती मिळते.

(ख) होकार आलेल्या प्रत्येक मुलासाठी डॉक्टरांच्या सहीचे एक पान घ्यावे : रोजचे औषध कोणते, कशाने त्रास वाढतो, झटक्यात काय द्यायचे, फोन कोणाला.

(ग) समज असलेल्या मुलाचा पंप त्याच्या दप्तरात किंवा खिशात राहावा. लहान मुलाचा वर्गशिक्षकाच्या टेबलावर, नाव लिहून. मैदानावर आणि सहलीला पंप सोबत जावा.

(घ) शाळेचा एक जादा पंप आणि स्पेसर, डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणलेला, कुलूप नसलेल्या प्रथमोपचार पेटीत ठेवावा. साल्ब्युटामॉल राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. हा खर्च शाळेला न झेपणारा नाही. मुदत संपण्याची तारीख पेटीवर लिहावी.

(ङ) आरोग्य पथक येईल त्या दिवशी वर्षभराच्या नोंदींचे पान त्यांच्यासमोर ठेवावे. पथकाला एका दिवसात जे दिसत नाही ते शिक्षकाने २०० दिवसांत पाहिलेले असते. दोन्ही एकत्र आले तर निदान होते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, ही तरतूद कायद्यातच आहे. तेव्हा वरून परिपत्रक येण्याची वाट पाहायचे कारण नाही. पुढच्या मासिक सभेत ही पाच कामे ठराव म्हणून मांडा, मंजूर करून घ्या आणि महिन्याने त्यांचा हिशेब मागा.